माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ घुमतोय, पण स्टेशन लागत नाही: कुठून सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाचपाखाडीचं जुनं घर पुनर्विकासात गेलं, सामान ऐरोलीला हलवताना माळ्यावर आजोबांचा लाकडी कॅबिनेटचा रेडिओ सापडला. तीसेक वर्षं बंद. तुम्ही प्लग लावलात, डायलचा दिवा लागला, मिनिटभरात हिरवा डोळा उजळला आणि स्पीकरमधून नुसता ‘हूंऽऽ’ आवाज सुरू झाला. आवाजाचं बटण पूर्ण कमी केलं तरी तो तेवढाच. स्टेशन एकही नाही. दहा मिनिटांनी गरम मेणासारखा वास आला म्हणून बंद केलात. दुरुस्तीवाल्याने आतलं सगळं काढून ब्लूटूथचा किट बसवायला सांगितलंय, आणि तुम्हाला ते पटत नाही.

किट बसवू नका. पण पुन्हा प्लगही लावू नका, निदान हे पूर्ण वाचून होईपर्यंत.

आधी तो ‘हूंऽऽ’ काय सांगतोय ते बघू. तो येतोय म्हणजे ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग शाबूत आहे, फिलामेंट तापतायत, रेक्टिफायर एसीचं डीसी करतोय, स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह ईएल ८४ करंट ओढतोय, आउटपुट ट्रान्सफॉर्मर तुटलेला नाही आणि स्पीकरची कॉइल मोकळी आहे. या रेडिओत जे भाग आज सहजी मिळत नाहीत ते बहुतेक हेच, आणि तेच तुमच्याकडे चालू आहेत. बटण शून्यावर नेऊनही हा हम, म्हणजे तो ‘हूंऽऽ’, बदलत नाही, याचा अर्थ तो व्हॉल्युम कंट्रोलनंतरच्या, स्पीकरकडच्या भागात शिरतोय. तीस वर्षं पडून असलेल्या सेटमध्ये त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: डीसी सपाट करणारे फिल्टर कंडेन्सर सुकलेले. बटणाबरोबर हम कमी-जास्त झाला असता तर मी ईएल ८४ च्या आधी आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह ईबीसी ८१ आणि त्याच्या शिल्डच्या वायरकडे बघितलं असतं.

तो मेणाचा वास मात्र मला आवडलेला नाही. त्याकडे येतोच.

चासीला हात लावण्यापूर्वी

तुम्ही व्हॉल्व्हची यादी दिलीत हे फार बरं केलंत: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, रेक्टिफायरचा ईझेड ८० आणि डोळ्याचा ईएम ८०. नावातलं पहिलं अक्षर ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचं फिलामेंट, सगळी समांतर जोडलेली, आणि ती चालवायला ट्रान्सफॉर्मर. असा सेट हाताळायला त्यातल्या त्यात बरा.

हेच अक्षर ‘यू’ असतं, म्हणजे यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ असा संच असता, तर मी तुम्हाला थांबवलं असतं. त्या सेटमध्ये फिलामेंट सिरीजमध्ये असतात आणि १०० मिलिअँपिअरवर चालतात. १९, १९, ५० आणि ३८ अशी बेरीज १२६ व्होल्ट होते, उरलेले शंभरेक व्होल्ट एका जाड रेझिस्टन्सवर जिरवलेले असतात. ट्रान्सफॉर्मर नाहीच, चासी, म्हणजे सगळे भाग बसवलेली धातूची चौकट, थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीवर २३० व्होल्ट. बटणाचा छोटा स्क्रू बोटाला लागला तरी झटका. म्हणूनच त्या स्क्रूवर कंपनीत मेण भरलेलं असायचं. ज्यांच्याकडे असा सेट आहे त्यांनी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून वेगळा करणारा) तो उघडू नये आणि त्याला फोन, दुसरा ॲम्प्लिफायर असं काहीही जोडू नये.

‘ई’ मालिका असली तरी खात्री करून घ्या. प्लग भिंतीतून काढलेला, रेडिओचा स्विच चालू, मीटर सर्वात वरच्या ओहम रेंजवर: प्लगची एकेक पिन आणि चासी यांच्यात काही दाखवता कामा नये. माझ्याकडे आलेला सेट मी ५०० व्होल्टच्या मेगरवरही, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, तपासतो. ठाण्याला खाडीचा दमटपणा आहे; माळ्यावर तीस पावसाळे काढलेला ट्रान्सफॉर्मर ओल पितोच. मीटरने काही दाखवलं तर चासी एका खोक्यात ठेवा, आत साठ वॉटचा दिवा लावा, दोन दिवस राहू द्या आणि पुन्हा मोजा. बऱ्याचदा एवढ्यानेच फरक पडतो.

आणि एक सवय आजपासून लावा. सेट बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठलेले राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स मगरीच्या चिमट्यांवर लावून ठेवा आणि प्रत्येक वेळी आधी त्याने कंडेन्सर रिकामा करा, मग मीटरने बघा, मग हात घाला. चालू सेटवर मोजताना मीटरची काळी वायर चासीला चिमट्याने अडकवायची, लाल एका हातात, दुसरा हात पाठीमागे.

आधी फिल्टर

चासी बाहेर काढली की फोटो काढा: वरून, खालून, डायलची दोरी कुठून कुठे जाते त्याचा वेगळा. धूळ कोरड्या ब्रशने काढा. उंदरांनी कुरतडलेली किंवा रबर कडक होऊन तडकलेली वायर दिसली तर ती आत्ताच बदला, मेन्सची दोरी तर नक्कीच, आणि आत ५०० मिलिअँपिअरचा स्लो फ्यूज बसवा. बरेच जुने सेट फ्यूजशिवायच असायचे.

फिल्टर कंडेन्सर म्हणजे चासीवर उभा असलेला ॲल्युमिनियमचा डबा, ज्यावर ५०+५० एमएफडी (मायक्रोफॅरड), ३५० व्होल्ट असं काहीसं छापलेलं असतं. तो डबा काढून फेकू नका, जागेवर शोभेला राहू द्या. फक्त त्याच्या लाल खुणेच्या वायरी सोडवून खाली पट्टीवर नवे ४७ एमएफडी, ४५० व्होल्टचे दोन कंडेन्सर लावा, खरेदीच्या वर्षाचे ताजे. जास्त मोठा लावला की हम आणखी कमी होईल असं वाटून कोणी १०० किंवा २२० लावतात. ईझेड ८० नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० एमएफडी आहे. त्यापेक्षा मोठा लावलात तर प्रत्येक अर्ध्या सायकलला भरण्यासाठी तो जो झटक्याचा करंट ओढतो, त्याने रेक्टिफायरचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) लवकर संपतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवा माल मिळतो. तिथे कोणी जुना, न वापरलेला इलेक्ट्रोलायटिक कौतुकाने दाखवला तर घेऊ नका. तोही तुमच्या डब्याइतकाच सुकलेला असतो. व्हॉल्व्हचं तसं नाही. बंगळुरूच्या बीईएलचा डबीबंद जुना व्हॉल्व्ह आजही चांगला निघतो.

तो मेणाचा वास

आता ज्या एका भागाने मी सर्वात जास्त सेट जळालेले पाहिले, तो. ईबीसी ८१ ची प्लेट (जिथून आवाज बाहेर पडतो) आणि ईएल ८४ चं ग्रिड (जिथे तो आत शिरतो) यांच्यामध्ये ०.०१ किंवा ०.०२२ एमएफडीचा एक कागदी कंडेन्सर असतो, वरून मेण लावलेला. त्याला कपलिंग म्हणतात. आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचं, एवढंच त्याचं काम. कागद ओल पितो आणि डीसी झिरपायला लागतं.

किती झिरपलं तर बिघडतं? ईबीसी ८१ च्या प्लेटवर शंभरेक व्होल्ट असतात. ईएल ८४ च्या ग्रिडपासून चासीला समजा ०.६८ मेगओहमचा रेझिस्टन्स आहे. कंडेन्सरची गळती १० मेगओहम धरा. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, साध्या मीटरवर तर कंडेन्सर बिनचूक दिसेल, कारण मीटर त्याला शंभर व्होल्ट देतच नाही. पण हिशोब करा: ग्रिडवर सहा व्होल्टपेक्षा जास्त येतात, तेही पॉझिटिव्ह. ईएल ८४ ला लगाम घालणारं बायस मुळात सात-साडेसात व्होल्टचं. लगाम सुटला की करंट वाढतो, प्लेट तापून लाल होते, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि मेन्स ट्रान्सफॉर्मर दोन्ही गरम होतात. तुम्हाला आलेला वास तिथून आलेला असण्याची शक्यता मला सर्वात जास्त वाटते. दहा मिनिटांत बंद केलात हे फार चांगलं झालं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षी कळव्याच्या एका आजींचा सेट मी दुरुस्त केला. फिल्टर बदलले, हम गेला, आवाज छान आला, मी सेट देऊन टाकला. कपलिंग मीटरवर ठीक दिसलं म्हणून तसंच ठेवलं. तीन आठवड्यांनी सेट परत आला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी जळलेली. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्यांनी मला काही ऐकवलं नाही. जळालेला ट्रान्सफॉर्मर आणि तार समोर ठेवली आणि रिवाइंड करायला सांगितलं. चार संध्याकाळी लागल्या. आजींकडून पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कुठलाही व्हॉल्व्ह सेट माझ्या टेबलावर आला की कपलिंग न मोजता बदलतो. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन लावायचा, तोच आकडा, दिशेचा प्रश्न नाही.

लगेच त्याच्या शेजारचेही बघून घ्या. मेण लावलेले सगळे कागदी कंडेन्सर बदलायचे: स्क्रीन ग्रिडचा, एव्हीसी (आवाज आपोआप सांभाळणाऱ्या) लाइनचा, ईएल ८४ च्या प्लेटवरचा टोनचा. स्क्रीनचा लीक असेल तर त्याला पुरवठा करणारा रेझिस्टन्स काळा पडलेला दिसेल. एव्हीसीचा लीक असेल तर जवळचं स्टेशन फाटून येतं आणि हिरवा डोळा मिटत नाही. मेन्समधून चासीवर जाणारा एखादा कंडेन्सर असेल तर तो काढूनच टाका. लावायचाच असेल तर वाय-२ वर्गाचा लावा, दुसरा कुठलाही नाही. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे छोटे कंडेन्सर मात्र राहू द्या, ते क्वचितच बिघडतात. एकेक काढा, एकेक लावा. सगळे एकदम उपटून मग नकाशा शोधत बसण्याने मी चांगले सेट वाया गेलेले पाहिलेत.

कार्बनचे जुने रेझिस्टन्स वयाबरोबर वर चढतात. २२० किलोओहमचा साडेतीनशे झालेला असतो, एक मेगचा दीड. एक टोक सोडवून मोजा, वीस टक्क्यांपेक्षा जास्त चुकला असेल तर बदला.

पहिल्यांदा चालू करताना

थेट भिंतीत लावायचा नाही. इलेक्ट्रिशियन वापरतात तसा सिरीज बोर्ड करा: रेडिओच्या एका वायरमध्ये १०० वॉटचा जुना, तारेचा दिवा. एलईडी चालणार नाही. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण उजळेल आणि सेट वाचेल. सगळं ठीक असेल तर आधी उजळेल, मग मंद होईल. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवायचं यंत्र) असेल तर उत्तमच, पण सिरीज दिव्याने माझं काम आजवर अडलेलं नाही.

स्पीकर जोडलेला हवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मोकळा ठेवून सेट चालवायचा नाही. ट्रान्सफॉर्मरच्या मागे व्होल्टेज निवडायची पट्टी असते, ती सर्वात वरच्या आकड्यावर, २४० किंवा २५० वर ठेवा. सेट बनला त्या काळी २२० गृहीत धरलेले असायचे; आपल्याकडे रात्री भार कमी झाला की २४० च्या वर सहज जातं.

दिवा मंद झाला, धूर-वास काही नाही, तर दिवा काढून पूर्ण व्होल्टेजवर मोजमाप घ्या. पिना खालून, मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. ईझेड ८० ची पिन ३ म्हणजे एचटी, सेटचं मुख्य डीसी व्होल्टेज: अडीचशे ते तीनशेच्या दरम्यान. ईएल ८४ ची पिन ७ त्याहून थोडी कमी, पिन ९ जवळपास अडीचशे. पिन २ वर शून्य. इथे अर्धा व्होल्टही पॉझिटिव्ह सतत दिसला तर थांबा. पिन ३, म्हणजे कॅथोड, सात ते आठ. त्या व्होल्टला कॅथोडच्या रेझिस्टन्सने भागलं की करंट कळतो: ७.३ व्होल्ट आणि १५० ओहम असेल तर ४८ ते ४९ मिलिअँपिअर, म्हणजे बरोबर.

पिन ९ वर व्होल्ट आहेत, पिन ७ वर शून्य, आणि व्हॉल्व्हच्या आत बारीक जाळी लाल झालेली दिसतेय, असं झालं तर त्या क्षणी बंद करा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटली आहे. तुमच्या सेटमध्ये तसं नाही, कारण हम स्पीकरपर्यंत पोचला होता.

आवाज आला, स्टेशन नाही

फिल्टर आणि कपलिंग बदलल्यावर हम जाईल. स्टेशन लागेलच असं नाही. इथे लोक घाबरून आयएफटीच्या, म्हणजे स्टेशन निवडणाऱ्या जुळवलेल्या कॉइलच्या, डब्यांचे स्क्रू फिरवायला लागतात. ते करू नका, अगदी शेवटपर्यंत नाही. कारखान्यात साडेचारशे ते चारशे सत्तर किलोहर्ट्झच्या दरम्यान जे जुळवून दिलेलं असतं ते वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. हलवतो तो माणूस.

मागून पुढे या. सेटच्या मागे ग्रामोफोनची पिकअप सॉकेट असेल. बँड स्विच त्या जागेवर नेऊन, फोनच्या हेडफोनची वायर ०.१ एमएफडी, ६३० व्होल्टच्या कंडेन्सरमधून तिथे द्या. (पुन्हा सांगतो, ‘यू’ मालिकेच्या सेटला हे कधीही नाही.) गाणं स्वच्छ वाजलं तर व्हॉल्युम कंट्रोलपासून स्पीकरपर्यंत सगळं बरं आहे. तुमच्या आजोबांच्या सेटमधून गाणं पहिल्यांदा येईल ते इथे, तेव्हा घरच्यांना बोलावून ठेवा.

मग हिरव्या डोळ्याकडे बघा. मोठा बटणगोळा फिरवताना डोळा कुठेतरी मिटल्यासारखा होतो पण आवाज नाही, तर एरियलकडचा भाग चालतोय, अडचण डिटेक्टर (सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा भाग) आणि व्हॉल्युम कंट्रोलच्या मध्ये आहे. डोळा हलतच नसेल तर संशय स्टेशन पकडणाऱ्या पहिल्या व्हॉल्व्हवर, ईसीएच ८१ वर, विशेषतः त्याच्या ऑसिलेटरवर, म्हणजे सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणाऱ्या भागावर. तो तपासायला कुठलंही यंत्र लागत नाही. एक साधा ट्रान्झिस्टर शेजारी ठेवा आणि १०५५ किलोहर्ट्झच्या आसपास रिकाम्या जागी लावा. आता मोठ्या रेडिओचा काटा ६०० च्या आसपास हळूहळू फिरवा. ऑसिलेटर जिवंत असेल तर तो ४५५ ने वर, म्हणजे १०५५ वर चालतो, आणि ट्रान्झिस्टरमधली खरखर एका जागी एकदम दबते किंवा शीळ येते. काहीच झालं नाही तर ऑसिलेटर बंद. मग आधी बँड स्विच साफ करा, काँटॅक्ट क्लीनरचे दोन-तीन थेंब, स्विच वीसेक वेळा फिरवा. आपल्या हवेत चांदीचे ते काँटॅक्ट काळे पडतात आणि माझ्या अनुभवात निम्मे ‘मेलेले’ ऑसिलेटर एवढ्यानेच सुरू होतात. व्हॉल्व्हच्या बेसच्या पिनाही तशाच साफ करा. त्यानंतर ईसीएच ८१ बदलून बघा. फिलामेंट लागलंय म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं नसतं. उलट वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह संपला.

डायल फिरवताना एका ठरावीक जागी खर्र खर्र आवाज येत असेल तर गँगच्या (स्टेशन लावताना फिरणाऱ्या कंडेन्सरच्या) पात्यांत कचरा आहे किंवा एखादं पातं वाकलंय. कडक कागदाची पट्टी घालून काढा. पातं पकडीने सरळ करायला जाऊ नका.

ऐरोलीत काय ऐकू येईल

सेट तयार झाला तरी स्टेशन हवेत असायला हवं. मी मध्यम लहरींवर वर्षानुवर्षं ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झवर, म्हणजे मुंबई आकाशवाणीच्या जागांवर सेट तपासत आलो. जुन्या डायलवर मीटर लिहिलेले असतात, ५५८ म्हणजे ५३७ मीटर. पण आकाशवाणी देशभर मध्यम लहरींचे जुने ट्रान्समीटर कमी करत आलीय, म्हणून आधी ट्रान्झिस्टरवर बघा, तिथे येत असेल तरच मोठ्या सेटला दोष द्या. सिमेंटच्या टॉवरमध्ये लोखंडाच्या जाळीने सिग्नल अर्धा मरतो, आणि एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लिफ्टची मोटर यांची किर्रकिर्र उरलेल्यावर बसते. पाच-सहा मीटर वायर गॅलरीच्या बाहेर सोडा, घरातले एलईडी एकेक बंद करून बघा. रात्री दूरची केंद्रं येतात. शॉर्टवेव्हवर पूर्वीइतकी गर्दी नाही, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, तरी पट्टे अगदी रिकामे नाहीत.

कॅबिनेटबद्दल दोनच गोष्टी. डायलच्या काचेची मागची बाजू पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नका, अक्षरं निघून येतात आणि पुन्हा मिळत नाहीत. लाकडावर लाखेचं पॉलिश असेल तर त्यावर वार्निश मारू नका. जुना सुतार सापडला तर त्याच्याकडून कापसाच्या बोळ्याने लाखच लावून घ्या.

ठाण्यात मर्फीचा कारखाना होता. माझे गुरू तिथल्या कामगारांकडून शिकले, मी त्यांच्याकडून. पहिले सहा महिने त्यांनी मला सोल्डरिंग करू दिलं नाही, फक्त प्रत्येक पिनेवरचे व्होल्ट वहीत लिहायला लावले. तुम्हीही तसंच करा. सिरीज दिव्यावरून काढून पूर्ण व्होल्टेजवर पाच मिनिटं चालल्यावर ईझेड ८० ची पिन ३, ईएल ८४ च्या पिन २, ३, ७ आणि ९ यांचे आकडे, आणि कॅथोडचा रेझिस्टन्स किती ओहमचा आहे ते मला कळवा. त्याआधी सेट रात्रभर लावून ठेवू नका.